पावसाला सांगितलेलं गाव

आश्विन सरत आला होता आणि करंबखोलच्या खोऱ्यात ऊन पिकलं होतं. पिवळं, परिपक्व, गंधगर्भ ऊन. ते सह्याद्रीच्या कड्यांवरून घरंगळत उतरे, ऐनाच्या पानांत अडखळे, ओढ्याच्या उथळ पाण्यात घोटाभर उभं राही, आणि मग कापून आडव्या टाकलेल्या भातावर माहेरवाशिणीसारखं अंग टाकून देई. सुवर्णवर्णी शेतं, नीलवर्णी डोंगर, आणि त्यांच्यामधून वाहणारा एक मंद, निनावी वारा.

त्या वाऱ्याकडे आजवर कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री डोंगराकडून मतलई वारा उतरतो. शाळेतली पोरं एवढं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पण परवापासून अख्खं गाव वाऱ्याकडे टक लावून होतं. कुणी काठीला लाल चिंधी बांधून परसात रोवली होती, कुणी चुलीचा धूर कुठे झुकतो ते पाहत होतं. जन्मभर वाऱ्यावर सोडलेल्या गोष्टी आठवून माणसं आता वाऱ्याची मनधरणी करत होती.

परवा पहाटे, पश्चिमेला दहा कोसांवर, समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात काहीतरी फुटलं होतं. वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, गुरं चारायला गेलं की त्या केंद्राचा घुमट दिसायचा. पांढरा, शांत, शंखशुभ्र. त्यातून काय बाहेर पडलं ते कुणाच्याच डोळ्यांना दिसलं नाही. नुसती एक भोंग्याची जीप गावातून धूळ उडवत गेली आणि सांगून गेली: दारं-खिडक्या लावा, विहिरी झाका, गुरांना बाहेरचा चारा घालू नका, बाहेर जाताना तोंडाला ओलं फडकं बांधा, आल्यावर ते दूर टाका, आणि जिथे पाऊस पडेल ते गाव लगेच रिकामं करू, हायवेवर गाड्या उभ्या आहेत.

पाऊस का, ते आधी कुणालाच कळेना. निवृत्त झालेले कोळंबे मास्तर पारावर उभे राहिले, तोंडाला पंचा बांधून, आणि त्यांनी गावाला गावाच्याच भाषेत समजावलं. "बायांनो, अंगण झाडायच्या आधी तुम्ही पाणी शिंपडता ना? का शिंपडता? धूळ खाली बसावी म्हणून. ही धूळ तशीच. हळदीहून बारीक. वाऱ्यानं वरच्या वर जाईल, फाटत जाईल, विरळ होईल. पण वाटेत पाऊस पडला, तर जिथं पडला तिथंच सगळी खाली. मग ती गवतात, गवतातून दुधात, दुधातून पोरात."

पोरात हा शब्द ऐकला आणि शेवंती रेवाळेने मान वळवून वर घाटमाथ्याकडे पाहिलं.

*

शेवंतीची एकुलती एक लेक दर्शना घाटमाथ्यावरच्या हिरडेमाळाला दिली होती. करंबखोलच्या डोक्यावरच जणू ते गाव बसलेलं. संध्याकाळी तिथे दिवे लागले की खालून दिसत. पण दिसतं ते जवळ असतंच असं नाही. हिरडेमाळाला रस्ता नाही. नऊशे पायऱ्यांची दगडी वाट आहे, आणि आजारी माणसाला डोलीत घालून चौघांनी खांद्यावरून उतरवायचं, एवढीच तिथली गाडी. दर्शनाला आठवा महिना लागला होता.

परवा आणि काल वारा देवासारखा वागला. दोन दिवस, दोन रात्री तो डोंगरावरून समुद्राकडेच वाहत राहिला, आणि जे काही अदृश्य होतं ते निळ्या, निर्मनुष्य पाण्यावर पांगत राहिलं. गावाने नारळ फोडले. आज सकाळी चिंध्या लुळ्या पडल्या. घटकाभर काही हललं नाही. पान नाही, धूर नाही, पाखरू नाही. मग चिंध्या पुन्हा उठल्या, आणि त्यांची टोकं डोंगराकडे वळली. समुद्र गावाकडे श्वास सोडू लागला होता.

आणि दुपार कलता कलता कड्यावर ढग आला.

कसा ढग! आधी तो मूठभर होता, हिरडेमाळाच्या मागून डोकावणारा, लोणी-धवल. मग तो वाढला. उन्हाने त्याला शिंपल्यासारखी गुलाबी कड दिली, सावलीने जांभळं पोट दिलं. मनोऱ्यावर मनोरा चढला, महालावर महाल चढला. वरती शुभ्र, मधे धूम्र, तळाशी नीलकृष्ण. आश्विनातला हा परतीचा ढग दरवर्षी येतो, तासभर गडगडतो, कुणाचं तरी भात भिजवतो आणि निघून जातो. पण आज त्याच्या पोटात खालून, समुद्रावरून, ती हळदीहून बारीक धूळ शिरत होती, आणि तो तिला जागा करून देत होता. इतकं देखणं संकट शेवंतीने कधी पाहिलं नव्हतं. पाहवत नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती.

ढग डोंगराच्या धारेवर बसला होता. तो इकडे झुकला तर करंबखोल, तिकडे झुकला तर हिरडेमाळ. तिसरी वाट नव्हती.

*

करंबखोलला पाऊस घालवायची एक रीत आहे. आजची नाही, पणजीच्या पणजीची आहे. कापणीच्या दिवसांत ढग आले की गावातली एक बाई कोयती चुलीत लाल करते, खळ्यात येते, धार आभाळाकडे करून ती जमिनीवर ठेवते आणि पावसाला गाव सांगते. नुसतं 'जा' म्हणून पाऊस जात नाही. घरी आलेल्या पाहुण्याला उठवायचं तर पुढचं घर दाखवावं लागतं. पावसालाही तसं गावाचं नाव घेऊन सांगावं लागतं, अमक्या गावाला जा, तिथे तुझी वाट पाहतायत. ही बाई आईबापांची पहिली लेक हवी आणि तिचं पहिलं मूलही मुलगीच हवं. अशा बाईला गाव जेठी म्हणतं.

वीस वर्षं शेवंतीच जेठी होती. आणि वीस वर्षं ती एकच नाव घेत होती: हिरडेमाळ. मनात वाकडं काही नव्हतं. वरच्यांची नाचणी आधीच घरात आलेली असते, त्यांना दोन सरी जास्त आल्या तर काय बिघडतं, असा सगळा मामला. वरचे लोकही काही कमी नव्हते. ते आपली कोयती तापवून पाऊस खाली धाडत. दोन्ही गावांची ही जुनी थट्टा होती. दर्शनाच्या लग्नात हिरडेमाळाच्या मांडवातच सर आली तेव्हा व्याही भर पंगतीत म्हणाले होते, "विहीणबाई, आहेर पोचला बरं का!" आणि दोन्हीकडची माणसं पोट धरधरून हसली होती.

त्यानंतरची तीन वर्षं शेवंती नाव तेच घेई, पण खालच्या आवाजात पुढे जोडी, "जरा बेतानं पड रे बाबा, लेक आहे माझी तिथं."

आज ती घरात, लावलेल्या दारामागे, चुलीपाशी बसली होती. कोयती तिने अजून काढली नव्हती. कुणी आठवण न करो, असं तिला वाटत होतं. पण गाव विसरत नाही.

दाराची कडी वाजली. विसू गावकर उभा होता. गावचा पहिल्या मानाचा माणूस, सत्तरीचा, ओल्या टॉवेलात तोंड गुंडाळलेला. तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच बोलला.

"शेवंते, ढग बघितलास?"

"बघितला."

"मग बसलीस कशाला? काढ कोयती."

शेवंतीचा नवरा धोंडू मधे पडला. "गावकरानु, त्या धुळीला कोयतीचं काय भ्या वाटनार हाय?"

"वाटंल नायतर नाय वाटंल," गावकर म्हणाला. "समदं गाव फटीत डोळा लावून बसलंय. पोरं रडतायत. काय तरी करतोय आपण, येवढं तरी दिसूदे त्यांना." मग त्याचा आवाज उतरला. "नाव कुठलं घ्यायचं ते मी सांगत नाय. माझ्यानं सांगवत नाय. पण आपलं गाव राकायला पायजे, बाय."

एवढं बोलून म्हातारा वळला आणि भिंतीच्या आडोशाने, वाऱ्याला चुकवत, निघून गेला.

*

कोयती निखाऱ्यात गेली. आधी काळी, मग तपकिरी, मग तांबूस, मग लाल. शेवंती बघत होती आणि मनातल्या मनात गावं धुंडाळत होती. एखादं गाव, ज्याचं नाव घेता येईल. एकच गाव.

उत्तरेचं करजुवे? तिथे मावसबहीण, तिची जुळी नातवंडं. दक्षिणेचं आंबेशेत? तिथली सुईण जिने दर्शनाला पहिलं हातात घेतलं. समुद्र? समुद्रावर कोळ्यांच्या होड्या, आणि पाण्यात काय माणसांचं नसतं? वरचा सडा, उघडा, कातळाचा, जिथे कुणी राहत नाही? पण सड्यावरचं पाणी झिरपून येतं ते इथल्याच विहिरीत. मग ते केंद्रच? जिथून आलास तिथेच जा? पण तिथे अजून माणसं होती; रेडिओ सांगत होता की काही जण आत थांबले आहेत, पाणी मारत. त्यांच्याही आया कुठेतरी चुलीपाशी बसल्या असतील.

नकाशावर मोकळ्या जागा असतात. मनात नसतात. शेवंतीने सारा मुलूख पालथा घातला आणि तिला एकही गाव असं सापडलं नाही की जिथे कुणीच नव्हतं.

उरलं हिरडेमाळ. वीस वर्षांच्या सवयीने ते नाव जिभेच्या टोकावर येऊन बसलंही होतं. आणि त्या नावाआड एक अंगण होतं, अंगणात एक गाभण गाय होती, आणि गाईशेजारी कमरेवर हात ठेवून, जड पावलांनी चालणारी तिची लेक होती. जिला पळायला रस्ता नव्हता.

तिने चिमट्याने कोयती उचलली. जुन्या लुगड्याचा फाडलेला पदर भिजवून तोंडाला बांधला. धोंडू म्हणाला, "मी येतो सोबत." ती म्हणाली, "नको. ह्याला एकच बाई लागते."

खळ्यात आली तेव्हा आभाळ अर्धं सोनं होतं, अर्धं शिसं. समुद्राकडून तिरपं ऊन येत होतं आणि कड्यावर तो महाल उभा होता, विजेने आतून क्षणभर उजळणारा, पुन्हा मिटणारा. सभोवार घरं, आणि घरांच्या प्रत्येक फटीत डोळा. विसू गावकराचा डोळा. कोळंबे मास्तरांचा डोळा. शेजारच्या काशीचा, जिच्या तीन म्हशी गोठ्यात वैरणीवाचून हंबरत होत्या. खाचरात आडवं पडलेलं भात, अख्ख्या गावाचं वर्षभराचं. झाकलेल्या विहिरी. तिची स्वतःची, सासऱ्याने खणलेली, उन्हाळ्यातही न आटणारी विहीर. शेवंतीने एकेक बघून घेतलं. गाव सोडावं लागलं तर परत कधी यायचं, हे त्या जीपवाल्याने सांगितलं नव्हतं.

हे सगळं तिचं एकटीचं होतं का? नव्हतं. ते देऊन टाकायचा तिला काही अधिकार होता का? मुळीच नव्हता. तिलाही ते स्वच्छ ठाऊक होतं. पण आईच्या मनाने न्याय करायचा म्हटला की पारडं आधीच कलतं, त्याला कोण काय करणार!

ती वाकली. कोयती धार वर करून मातीत ठेवली. माती चरचरली. मग तिने आभाळाकडे तोंड केलं. दरवर्षी हे नाव मोठ्याने ओरडायचं असतं आणि गावातल्या बायांनी 'जा, जा' म्हणून साथ द्यायची असते. आज दारं बंद होती, तोंडावर ओला पदर होता. तिचे शब्द पदरातच राहिले. पदराच्या पलीकडे ते फक्त ढगाने ऐकले असतील तर असतील.

"करंबखोलला ये," शेवंती म्हणाली. "माझ्या गावाला ये. इथं रस्ता हाय. इथं गाड्या येतील. आम्ही जाऊ कुठंतरी. तिला जाता येनार नाय रे बाबा. तू इथंच ये."

*

वाऱ्याला कान असतात की नाही, ते वाऱ्यालाच ठाऊक. रेडिओवरचा माणूस दुसऱ्या दिवशी म्हणाला की दुपारी वरच्या थरातला वारा पूर्वेचा झाला आणि ढग पश्चिम उताराकडे सरकला. या दिवसांत असं होतं. असेलही. शेवंतीने पाहिलं ते एवढंच की तो महाल धारेवर हलला, डळमळला, आणि त्याचं नीलकृष्ण पोट सावकाश, फार सावकाश, करंबखोलच्या बाजूला ओघळलं.

आधी सावली आली. कड्यावरून उतरली, ऐनांवरून उतरली, भाताचं सोनं एकेका खाचरातून मालवत आली. मग वास आला, तोच, जन्मापासूनचा, मातीचा. आणि मग शेवंती धावत घरात शिरली, दार लावलं, आणि थेंब आले.

शुभ्र थेंब, तेजस्वी थेंब, उन्हात तिरपे चमकणारे थेंब. पडवीच्या पत्र्यावर ते नाचले, कौलांवरून घरंगळले, पागोळ्या झाले. दिसायला ते नेहमीसारखेच होते, आणि हेच सगळ्यांत वाईट होतं. घराघरातून एक हुंदका उठला, आणि मग गाव एकदम गप्प झालं. काशीच्या म्हशीही गप्प झाल्या. पाऊस मात्र पडत राहिला, मनापासून, बोलावल्यासारखा.

धोंडू भिंतीला टेकून खाली बसला. "आलास का शेवटी," तो पावसालाच म्हणाला. मग बायकोकडे बघून त्याने विचारलं, "नाव काय घेतलंस?"

भिजलेला पदर तिने काढून बाजूला टाकला, जीपवाल्याने सांगितलं होतं तसा, दूर, कोपऱ्यात. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गाव गेलं होतं आणि तिच्या काळजात, कुठेतरी खोल, लाज वाटावी असा एक आनंद गाईच्या नव्या वासरासारखा लटपटत उभा राहत होता. त्याला ती दटावत होती. तो पुन्हा उभा राहत होता.

धोंडूने तिच्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांचा संसार. त्याला नाव कळलं. "बरं केलंस," तो हळूच म्हणाला, आणि गाडी येईल तेव्हा घ्यायचं गाठोडं बांधायला उठला.

तेवढ्यात फोन वाजला.

"आये!" दर्शनाचा आवाज आला, वरून, उंचावरून, वाऱ्यात फडफडणारा. "आये, ऐकतेस ना? इकडं पाऊस नाय झाला! एक थेंब नाय. ढग गेला निघून. मगाशी नुसता अंधार झालेला, आमी दारं लावून बसलेलो, आणि आता बघ तर लख्ख ऊन पडलंय. पिवळं, पिवळं ऊन. घरातूनच बघतंय मी. सासू तर रडतेच हाय."

"रडूदे तिला," शेवंती म्हणाली. "तू नको रडू. तू आतच रहा."

"कुठं पडला असंल गो तो? तुमच्याकडं नाय ना आला?"

शेवंतीने दाराकडे पाहिलं. दाराखालच्या फटीतून पाण्याची एक बारीक, चकाकती रेघ आत येऊ पाहत होती आणि धोंडू तिच्यावर गोणपाट दाबत होता.

"नाय गो," ती म्हणाली. "इकडंही कोरडंच."

"मग हा आवाज कसला येतोय?"

पत्र्यावर पाऊस कोसळत होता. सरसर, सरसर, थोडा थांबून पुन्हा सरसर.

"तांदूळ पाखडतंय मी."

"आत्ता? अशा वेळंला?"

"कामाला कसली गो वेळ. हात रिकामे राहिले की डोकं फिरतं."

पलीकडे दर्शना थोडी हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा हसली असावी. "मग पाखड," ती म्हणाली. "फोन ठेवू नको पण. मी ऐकत बसतंय. बरं वाटतं."

शेवंतीने फोन कान आणि खांद्यात धरला. खुंटीवरचं सूप काढलं. कणगीतल्या जुन्या तांदळाचे दोन पसे त्यात ओतले. जमिनीवर बसली, आणि लेकीशी खोटं बोलायला नको म्हणून खरोखरच पाखडू लागली.

सूप वर गेलं, दाणे उडाले, दाणे उतरले. सरसर, सरसर. बाहेर आभाळ, आत आई. काळ्याभोर घरात ते पांढरे दाणे पुन्हा पुन्हा उडत होते, पुन्हा पुन्हा सुपात परतत होते. दूर, घाटाच्या वळणावर, पहिल्या गाडीचा हॉर्न वाजला. धोंडूने गाठोड्याची गाठ आवळली आणि नुसतीच मान हलवली.

"किती पाखडतेस गो, आये," उन्हातून दर्शना म्हणाली. "पुरे की आता."

"थांब जरा," शेवंती म्हणाली. "थोडं राहिलंय अजून." आणि दाणे उडाले, दाणे उतरले, सरसर, सरसर, सरसर.